प्रिंटरचं हेड बदलायची माहिती आपल्या भाषेत मिळायला हवी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यात अकोट्याला फ्लेक्स आणि व्हिनाईल प्रिंटिंगचं काम करतो, दुकान लहान आहे, मशिन एकच. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या दुकानात पाणी शिरलं नाही कारण दुकान वरच्या मजल्यावर आहे, पण खाली सगळं पाण्यात आणि लाईट चार दिवस बंद. घरात सगळे म्हणाले देवाची कृपा, मशिन वाचलं. मलाही तसंच वाटलं. पण इको सॉल्व्हंट शाईच्या मशिनला लाईट नसणं हेच मोठं संकट असतं, कारण मशिन चालू नसलं तरी मेन लाईन चालू असली की ते मधूनमधून स्वतःच थोडी शाई फेकून हेड, म्हणजे शाई फेकणारा भाग, ओलं ठेवतं, ते चार दिवस झालंच नाही आणि शाई हेडच्या आत सुकली.

लाईट आल्यावर नोझल चेक, म्हणजे हेडची सगळी भोकं चालतात का ते बघायचा छापा, काढला तर काळा रंग अर्धा गायब, मॅजेन्टाच्या (गुलाबी रंगाच्या) रेघा तुटलेल्या. गणपती 7 सप्टेंबरला होते, मंडळांच्या ऑर्डरी घेऊन बसलेलो. टेक्निशियनला फोन केला तर तो म्हणाला अहमदाबादहून निघायला आठ-दहा दिवस लागतील, सगळीकडे पुराचीच कामं आहेत. त्याचं खरं असेलही, मी त्याला दोष देत नाही. पण गणपती काही थांबणार नव्हते.

आधी साफ करून बघितलं. कॅपमध्ये, म्हणजे मशिन थांबल्यावर हेड ज्यावर बसतं त्या झाकणात, क्लिनिंग सोल्युशन भरून हेड रात्रभर त्यावर बसवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सिरिंजने हळूहळू सोल्युशन सोडलं. इथे माझी इतर दुकानदारांना हात जोडून विनंती आहे, सिरिंज जोरात दाबू नका, हेडच्या आतले भाग फार नाजूक असतात, जोर दिला की दोन रंग एकमेकांत मिसळायला लागतात आणि मग ते हेड कशानेच सुधरत नाही. आमचं एपसनचं डीएक्स 5 हेड, 180 नोझलच्या 8 रांगा म्हणजे 1440 भोकं, प्रत्येक भोकामागे पिएझो नावाचा बारीक तुकडा असतो, करंट मिळाला की तो वाकतो आणि शाईचा थेंब बाहेर ढकलतो. भोक सुकलेल्या शाईने बंद असेल तर तो कितीही वाकला तरी थेंब येणार कुठून? तीन दिवस प्रयत्न केले, काळा रंग काही आला नाही. शेवटी नवीन हेड आणलं, त्या पैशात मुलीची वर्षाची फी निघाली असती, आणि ते मी आणि माझ्या भाच्याने मिळून बसवलं.

कसं बसवलं ते थोडक्यात लिहितो कारण हीच माहिती लोकांना कुठे सलग मिळत नाही. आधी मशिन बंद, मग प्लग भिंतीतून काढायचा आणि थोडा वेळ थांबायचं, कारण बोर्डात करंट साठलेला असतो. हाताला अर्थिंगचा पट्टा, नसेल तर निदान मशिनच्या लोखंडी फ्रेमला हात लावून घ्यायचा. प्रत्येक रिबन केबल (चपटी वायर) आणि डॅम्पर (हेडवर बसणारी शाईची छोटी डबी) कुठे बसलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा. डॅम्पर काढताना शाई गळतेच, खाली कागद आणि जुनं कापड पसरायचं, आणि रिबन केबलवर शाईचा एक थेंबही पडू द्यायचा नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. केबलच्या टोकाला शाई लागली किंवा केबल तिरकी बसली आणि तसंच मशिन चालू केलं तर शॉर्ट होतो, नवीन हेड तर जातंच, वर मेनबोर्डही जातो. म्हणून आम्ही केबल बसवल्यावर टॉर्च मारून दोघांनी वेगवेगळं तपासलं, मगच स्विच दाबला.

नवीन हेडची खालची पट्टी, जिथे भोकं असतात, तिला बोट लावायचं नाही. आणि हेडसोबत जो कोड येतो त्याचा फोटो हेड आत जाण्याआधी काढायचा, त्यात त्या हेडला किती व्होल्टेज लागतं ते असतं, तो कोड सर्व्हिस मेनूत, म्हणजे टेक्निशियन वापरतात त्या सेटिंगमध्ये, टाकावा लागतो. जुनी कॅप आणि वायपर (हेड पुसणारी पट्टी) पण बदलले, कारण कॅप नीट बसत नसेल तर नवं हेडही तसंच सुकेल.

स्क्रू लावायला तासभर, पण अलाइनमेंटला, म्हणजे हेड बरोबर जुळवायला, अख्खी दुपार गेली. हेड केसभर तिरकं असलं तरी उभ्या रेघा फाटतात, मग जाता-येता दोन्ही बाजूंची छपाई जुळवायची, मग मीडिया, म्हणजे छापायचा फ्लेक्स किंवा व्हिनाईल, किती पुढे सरकतो ते जुळवायचं, नाहीतर बाप्पाच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे येतात.

आता माझं म्हणणं. तो सर्व्हिस मेनू उघडायला पासवर्ड लागतो आणि तो आमच्यासारख्या मालकाला देत नाहीत, मला तो एका जुन्या ओळखीच्या कारागिराने सांगितला म्हणून काम झालं. मशिन माझं, हप्ते मी भरले, मग कोड टाकायला मला दुसऱ्यासाठी का थांबावं लागतं? एचपीच्या डिझाईनजेट आणि लेटेक्स मशिनमध्ये हेड ग्राहकानेच बदलायचं असं धरून ते बनवलेलं असतं, स्क्रीनवर पायऱ्या दिसतात. पिएझो हेडचं काम जास्त किचकट आहे हे मान्य, पण किचकट आहे म्हणून तर पुस्तिका हवी, आणि ती मराठी, गुजराती, हिंदीत हवी. केंद्र सरकारने 2022 मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या असे चार भाग धरलेत. छपाईच्या मशिनचाही त्यात स्पष्ट विचार व्हावा.

आणि हे बडोद्यात नाही होणार तर कुठे होणार? सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते कारागिराला त्याच्याच भाषेत तंत्र शिकता यावं म्हणून, प्रा. गज्जरांनी ते उभं केलं, दादासाहेब फाळके तिथेच शिकले. त्याच कलाभवनात आज इंजिनियरिंगचे वर्ग भरतात. तिथे वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, आमच्यासारख्या दुकानदारांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा, हेड, डॅम्पर, पंप, अर्थिंग सगळं हातात देऊन शिकवावं. वाया गेलेली शाई कुठे टाकायची तेही सांगावं, आज कितीजण ती गटारात ओततात आणि ती विश्वामित्रीत जाते, त्या पाण्यात मगरी आहेत, कासवं आहेत.

आपण आपल्या पेपरात हा विषय घ्यावा. माझं बंद पडलेलं जुनं हेड मी जपून ठेवलंय, वर्ग सुरू झाला तर मुलांना उघडून बघायला ते मी देईन.

आपला एक वाचक,
अकोटा, बडोदे