अ‍ॅन एलियटची बाजू

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जेन ऑस्टेनची ‘पर्सुएशन’ वाचून झाली हे कळून आनंद झाला, पण तुझी शेवटची ओळ मनाला लागली. अ‍ॅन दुबळी आहे, आठ वर्षं कुढत बसण्यापेक्षा तेव्हाच ठाम राहायला हवं होतं, असं लिहिलंस. तिची बाजू मांडल्याशिवाय मला राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसले.

आधी ते घर बघ. सॉमरसेटमधलं केलिंच हॉल. मालक सर वॉल्टर एलियट करमणूक म्हणून एकच पुस्तक हातात घेतात, ते बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेने ‘सर’ पदवी चालत आलेल्या घराण्यांचं, आणि त्यातही स्वतःच्या घराण्याचं पान. खर्च मिळकतीबाहेर, डोक्यावर कर्ज, मिजास मात्र तसूभर कमी नाही. नौदलाबद्दल त्यांचे आक्षेप दोन: त्यामुळे हलक्या कुळातली माणसं मानाला चढतात, आणि समुद्रावर चेहरा रापतो! अशा घरात १८०६ साली अ‍ॅन १९ वर्षांची आहे. आई वारलेली. बाप आणि थोरली बहीण तिच्या शब्दाला काडीचीही किंमत देत नाहीत. आईच्या जागी म्हणावी अशी एकच बाई, लेडी रसेल. आणि तिला मागणी घालणारा नौदलातला फ्रेडरिक वेंटवर्थ हुशार, उमदा, पण त्याच्याकडे पैसा नाही, पाठीशी कुणी वजनदार नाही, वर नेपोलियनशी युद्ध चाललेलं. लेडी रसेलच्या सल्ल्यावरून अ‍ॅन नकार देते, पण तो स्वतःच्या सुखासाठी नाही. आपल्याशी बांधला गेला तर त्याचंच नुकसान होईल, असं तिला मनापासून वाटतं. याला दुबळेपणा म्हणायचं का गं?

आता वेंटवर्थकडे बघ. १८०८ साली तो काही हजार पौंड कमावून इंग्लंडला परततो, ‘लॅकोनिया’ जहाजाचा कप्तान होतो. तेव्हा तुला पत्र लिहिलं असतं तर तू होकार दिला असतास का, असं शेवटी तोच तिला विचारतो. ती म्हणते, अर्थातच दिला असता. पुन्हा विचारणं त्याच्या अभिमानाला झेपलं नाही, हे तो स्वतः कबूल करतो. म्हणजे आठांतली सहा वर्षं त्याच्या खात्यावर. वाचकांचा राग मात्र अ‍ॅनवर! मला हे फार अन्यायाचं वाटतं.

आणि आठ वर्षांनी दोघं पुन्हा भेटल्यावरचा, समुद्रकाठच्या लाइम गावातला प्रसंग विसरलीस का? ठाम स्वभावाचं कौतुक करणाऱ्या वेंटवर्थसमोरच ठाम लुइसा, अ‍ॅनच्या धाकट्या बहिणीची, मेरीची नणंद, हट्टाने कॉबच्या, म्हणजे तिथल्या बंदराच्या धक्क्याच्या, पायऱ्यांवरून उडी मारते आणि बेशुद्ध पडते. लढाया पाहिलेला कप्तान भिंतीला टेकून मदतीसाठी हाका मारतो. मेरीचा आरडाओरडा, लुइसाची बहीण हेन्रिएटा भोवळ येऊन पडलेली. डॉक्टर आणायला पाठवा, नौदलातल्याच बेनविकला पाठवा कारण त्याला गाव माहीत आहे, हे सुचतं कुणाला? अ‍ॅनला.

मला सगळ्यात जास्त छळतो तो मात्र पियानोचा प्रसंग. मेरीच्या सासरी, अपरक्रॉसला, सगळे नाचताहेत आणि अ‍ॅन वाजवते आहे. डोळे मध्येच भरून येतात, बोटं चालूच. मिस एलियट कधीच नाचत नाहीत का, असं वेंटवर्थ दुसरीला विचारतो. नाही, तिने नाचणं सोडलंय, तिला वाजवायलाच आवडतं, असं उत्तर मिळतं. तिच्या वतीने कुणीतरी परस्पर उत्तर देऊन टाकतं आणि ती वाजवत राहते. वय २७, आणि घरच्यांच्या लेखी तिचं सगळं संपलेलं.

म्हणून मला क्रॉफ्ट नवराबायको इतकी आवडतात. कर्जापायी केलिंच भाड्याने द्यावं लागतं आणि तिथे येतो ट्रफाल्गरला लढलेला अ‍ॅडमिरल. तो काय करतो, तर सर वॉल्टरच्या खोलीतले मोठे आरसे काढायला लावतो. मिसेस क्रॉफ्ट नवऱ्याबरोबर चार वेळा अटलांटिक ओलांडून आलेली, एकदा ईस्ट इंडीजलाही जाऊन आलेली बाई. घर मालकांपेक्षा भाडेकरूंच्या हाती बरं आहे, हे अ‍ॅनलाही मनातून पटतं. जमीनदारांच्या त्या जगाबद्दल ऑस्टेनने इतकं कठोर दुसरीकडे कुठे लिहिलं असेल, मला वाटत नाही. तिचे दोन भाऊ नौदलात होते, ही माणसं तिच्या घरातलीच. एक गोष्ट मात्र मला खुपते: अ‍ॅनची जुनी मैत्रीण मिसेस स्मिथ, तिची वेस्ट इंडीजमधली मालमत्ता वेंटवर्थ सोडवून देतो. तिथली मालमत्ता त्या काळी गुलामांच्या घामावर उभी होती, याबद्दल पुस्तक गप्प आहे.

कादंबरीचा शेवट ऑस्टेनने आधी वेगळा लिहिला होता, माहीत आहे? जुलै १८१६मध्ये कादंबरी पूर्ण झाली, पण तिचं समाधान होईना. तब्येत ढासळत असताना तिने तो भाग बाजूला ठेवून नव्याने लिहिला. रद्द केलेली ती पानं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अ‍ॅनवरचं प्रेम कबूल करणारं वेंटवर्थचं ते पत्र पहिल्या खर्ड्यात नव्हतंच! नव्या प्रकरणात अ‍ॅन वेंटवर्थच्या मित्राशी, हार्विलशी, बोलते, आशा संपल्यावरही बायका प्रेम करत राहतात म्हणते, आणि ते ऐकून शेजारी लिहीत बसलेल्या वेंटवर्थला राहवत नाही, तो तिला ते पत्र लिहितो. म्हणजे बदललेल्या शेवटात पहिलं बोलणं अ‍ॅनचं आहे. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १८१७ला, ऑस्टेन गेली. कादंबरी छापून आली ती त्यानंतर, डिसेंबरात.

शेवटी अ‍ॅन म्हणते की लेडी रसेलचा सल्ला चुकीचा होता, पण तो मानणं चूक नव्हतं. यावर तू भांडणार, हे मला ठाऊक आहे. भांड, पण तेविसावं प्रकरण पुन्हा वाचून भांड. आणि लेडी रसेलबद्दल तू चकार शब्द का लिहिला नाहीस, तेही कळव. तिला मी अजून माफ केलेलं नाही.

तुझी,
मीना