मुकादमाची सही आणि आयसीयूतला निर्णय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्व-वैद्यकीय निर्देश, म्हणजे पुढे बोलता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, ज्याला आपण सगळे 'लिव्हिंग विल' म्हणतो, त्यावर अधूनमधून छापून येते. बहुतेक मजकूर शहरातल्या निवृत्त वाचकाला समोर ठेवून लिहिलेला असतो: मुले परदेशी, घरात दोघेच, उद्या काही झाले तर नळ्या लावून ठेवू नका. ती गरज खरीच आहे. पण या कायद्याची सगळ्यात जास्त निकड जिथे आहे, तिथे त्याचे नावही निघत नाही.

गाळप हंगामात साखर पट्ट्यातल्या कोणत्याही खासगी रुग्णालयात पाहा. ऊसतोडीला आलेला पन्नाशीचा माणूस मेंदूत रक्तस्राव होऊन व्हेंटिलेटरवर आहे. बायको बाहेर बसलेली, कारण कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. पण संमतीपत्रावर सही मुकादमाची, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराची. अनामत त्याने भरली, म्हणून डॉक्टर बोलतात ते त्याच्याशी. पाचव्या दिवशी 'डामा'च्या कागदावर सही करून रुग्णाला अँब्युलन्समध्ये घालणाराही तोच. ज्याने उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) दिली आहे आणि ज्याच्या वहीत रुग्णालयाचा खर्च चढतो आहे, तो माणूस जीवरक्षक उपचार थांबवण्याचा निर्णय घेतो, आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

डामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डॉक्टरांनीच सांगितलेले असते, 'आता काही राहिले नाही, घेऊन जा.' मग सल्ला कुणाचा आणि विरुद्ध कुणाच्या? डॉक्टरांना खटल्याची भीती, व्यवस्थापनाला थकणाऱ्या बिलाची, नातेवाइकांना दोन्हींची. डामा सगळ्यांना सोयीचा पडतो. रुग्णाला मात्र त्यात वेदनाशामक मिळत नाही, नोंद मिळत नाही आणि निर्णय कोणी का घेतला याचा कागदही मागे राहत नाही.

याला कायदेशीर वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या खटल्यात ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो असे सांगितले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याची प्रक्रिया बरीच सोपी केली. लिव्हिंग विल केलेले नसले तरी ही वाट खुली आहे, आणि नेमके हेच बहुसंख्य डॉक्टर-परिचारिकांना ठाऊक नाही. बरे होण्याची आशा नसलेला, दीर्घ उपचार चाललेला आणि स्वतः निर्णय घेऊ न शकणारा रुग्ण असेल, तर रुग्णालयाने प्राथमिक मंडळ नेमायचे: उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान पाच वर्षे अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे, जवळच्या माणसांशी बोलून त्याची लेखी नोंद ठेवायची आणि लेखी संमती घ्यायची. मग दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक नोंदणीकृत डॉक्टर आणि प्राथमिक मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनीही शक्यतो ४८ तासांत. दोन्हींचे एकमत झाले की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे. कळवायचे, परवानगी मागायची नाही. मतभेद झाले तरच उच्च न्यायालय.

अडते कुठे? पहिली अडचण, 'जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी' या नावाचे पदच महाराष्ट्रात नाही. जिल्हा शल्यचिकित्सक आहेत, जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी आहेत. या कामासाठी कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर प्रत्येक आयसीयूच्या भिंतीवर लावलेले हवे. रात्री दोन वाजता कोणी परिपत्रक शोधत बसत नाही. दुसरी, तालुक्याच्या रुग्णालयात न्यूरोलॉजीचे दोन तज्ज्ञ येणार कुठून? जिल्ह्यातल्या तज्ज्ञांची यादी आधीच तयार नसेल तर ४८ तास नुसते कागदावर राहतात.

तिसरी अडचण ज्ञानाची आहे आणि तिथे चुका ठरलेल्या आहेत. लिव्हिंग विलवर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागते असे अजून सांगितले जाते. तो २०१८ चा नियम होता. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची नाही, हा निर्णय लिहून ठेवणे बेकायदा आहे असे अनेकांना वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याच्या मार्गदर्शक सूचना २०२० मध्येच दिल्या आहेत. मेंदूमृत्यू आणि उपचार थांबवणे एकच समजले जाते. मेंदूमृत्यूचे प्रमाणपत्र १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली येते आणि त्याची मंडळे वेगळी. इंजेक्शन देऊन मरण देणे गुन्हाच आहे, त्याचा इथे संबंध नाही. सगळ्यात घातक समजूत म्हणजे 'उपचार थांबवायचे' याचा अर्थ 'सगळेच थांबवायचे' असा घेणे. व्हेंटिलेटर निघतो, वेदना, धाप, तोंडाची कोरड आणि जखमा यांची काळजी सुरूच राहायला हवी, किंबहुना वाढायला हवी.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधल्या कलम ५ च्या 'आगाऊ निर्देशा'शीही याची गल्लत होते. तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता असतो. त्यात आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवता येतो आणि त्यावरचा वाद मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापुढे जातो. गाव सोडून भटकत आलेल्या मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्यांनी तो जरूर वापरावा, पण व्हेंटिलेटरच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही.

आता स्थलांतरितांच्या आरोग्य शिबिरांविषयी. एक गोष्ट आधीच बजावून सांगायला हवी: तळावर जाऊन मजुरांचे लिव्हिंग विलवर अंगठे घेऊ नका. उत्साही संस्थांना हे लवकर सुचेल. वर्षाची उचल अंगावर असलेल्या माणसाकडून, शंभर जणांच्या रांगेत, 'मला कृत्रिम श्वास नको' असे लिहून घेणे म्हणजे त्याचा स्वस्तात निकाल लावण्याची सोय होईल. न्यायालयाने दबावाशिवाय, परिणाम समजून केलेला दस्तऐवज मागितला आहे, आणि नोटरीने किंवा अधिकाऱ्याने तशी खात्री करून घ्यायची आहे. ती खात्री शिबिराच्या गर्दीत होत नाही.

शिबिरात घ्यायचे ते एकच: 'मी बोलू शकलो नाही तर माझ्या वतीने कोणाला विचारायचे?' या प्रश्नाचे उत्तर. दोन नावे, नाते, दोन मोबाइल नंबर. त्यातला एक नंबर गावी राहणाऱ्या माणसाचा, कारण टोळीतले सगळे फोन एकाच वेळी उसाच्या फडात बंद असतात. रुग्णाची भाषा लिहा: गोरमाटी, पावरी, भोजपुरी, ओडिया. मराठी 'समजते' आणि वाईट बातमी मराठीत समजून घेता येते, यात फार अंतर आहे. सोबत चालू औषधे, क्षयाचा उपचार असेल तर निक्षय (सरकारी क्षयरुग्ण नोंदणीचा) क्रमांक, आयुष्मान कार्ड आहे की नाही, १४ अंकी आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक. हा कागद लिव्हिंग विल नव्हे आणि तसे त्यावर छापलेलेच असावे. पण कायदा निर्णयाच्या वेळी नातेवाईक, पालक आणि 'जवळचा मित्र' या सगळ्यांशी बोलायला सांगतो. जवळच्या मित्राच्या त्या जागेत मुकादम सहज शिरतो. या कागदाने त्याला अटकाव होईल. मुकादम, ठेकेदार, भट्टीमालक, कारखान्याचा शेतकी कर्मचारी यांचे नाव त्या रकान्यात घ्यायचे नाही, साक्षीदार म्हणूनही नाही. बायकोला वेगळे विचारा, नवऱ्यादेखत नको.

वेळही पाहा. सकाळी अकराला कारखान्याच्या आवारात लावलेल्या शिबिरात म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटतात. तोडणारे पहाटेच फडात गेलेले असतात आणि खाडा परवडत नाही. संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर जा. वीटभट्टीवर आठवडी बाजाराचा दिवस धरा, त्या दिवशी खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) मिळते आणि काम लवकर सुटते. खरे तर हे काम दसऱ्याआधी, माणसे गावी असतानाच आशाताईंनी करून घेणे सर्वात सोपे. तपासणी तेव्हाही करायचीच असते, त्यात पाच मिनिटांची भर.

ज्यांना शांतपणे, समजून-उमजून खरेच लिव्हिंग विल करायचे आहे त्यांना अर्थात मदत करावी. वय १८ पूर्ण, मन ठिकाणावर, कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे स्पष्ट शब्दांत, निर्णय घेणाऱ्या एक किंवा अधिक माणसांची नावे, 'हे मी कधीही रद्द करू शकतो' हे वाक्य. ठरावीक किमतीचा स्टॅम्प पेपर न्यायालयाने सांगितलेला नाही. नोटरीचे पैसे नसतील तर तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी हे राजपत्रित अधिकारीच आहेत. मजकूर मोघम असेल ('उगाच त्रास देऊ नका' एवढेच) तर तो लागू होत नाही आणि लिव्हिंग विल नसल्यासारखीच प्रक्रिया होते.

पुढचा घोळ प्रतीचा. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या कस्टोडियनकडे, म्हणजे ती जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर राज्यात असे कस्टोडियन नेमले गेले. गोव्यात तर मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात केली. पण बीडच्या आष्टी तालुक्यातल्या माणसाची प्रत त्याच्या गावाकडे राहणार आणि तो दाखल होणार सांगलीला. खरेपणा पडताळायला डॉक्टरांनी कुठे विचारायचे? न्यायालयाने डिजिटल आरोग्य नोंदीत प्रत ठेवायची मुभा दिलेली आहे. आरोग्य विभागाने ती आभा खात्याशी जोडून कोणत्याही जिल्ह्यातून पाहता येईल अशी करावी. तोवर घडी घातलेली छायाप्रत आधार कार्डाच्या पाकिटात, हाच उपाय.

शेवटी घरी नेण्याबद्दल, कारण गावच्या मातीत मरण यावे ही इच्छा रास्त आहे आणि ती डामाशिवाय पुरी करता येते. दोन्ही मंडळांचा निर्णय झाल्यावर रीतसर डिस्चार्ज द्यावा, कार्डावर निदान आणि 'पुढे वेदनाशमन उपचार' असे लिहावे, गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी फोन करावा. बी टाइप ऑक्सिजन सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला पाच लिटरने तो पाच तास पुरतो. कोल्हापूरहून बीडला जायला एक सिलिंडर पुरत नाही. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला फॉर्म ४-अ मध्ये शेवटच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरनेच द्यायचा असतो, म्हणून गावातल्या डॉक्टरने निघण्यापूर्वीच केस समजून घेतलेली बरी. वाटेत मृत्यू झाला तर गाडी पहिल्यांदा थांबेल तिथे चालकाने नोंद द्यायची. आणि मूळ दुखापत अपघाताची असेल, तर कितीही दिवसांनी आणि कुठेही मृत्यू झाला तरी पोलिसांना कळवून शवविच्छेदन करावेच लागते. हे आधी न सांगितल्याने अंत्यविधी उरकला जातो आणि नंतर नुकसानभरपाईचा दावा शवविच्छेदन अहवाल नाही म्हणून फेटाळला जातो.

आपले,
स्थलांतरित कामगारांच्या आरोग्याचे काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका