तिकडं चाललं, म्हणून इकडं चालेल?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी पुण्यात तीसेक वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आरोग्य योजनांच्या चाचण्यांचे निबंध वाचते. शेजारणी भिशी लावतात, मी हे करते. नवीन योजना जाहीर होते तेव्हा ‘अमुक ठिकाणी यशस्वी ठरली’ एवढं वाक्य हमखास ऐकू येतं. ती तिथं कशामुळे यशस्वी ठरली आणि ते कारण इथं आहे का, हे कोण बघतं, एवढंच विचारायला हे पत्र.

गडचिरोलीचंच घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी दिसला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, २०११ मध्ये देशाच्या कार्यक्रमात आलं आणि आशाताई बाळ बघायला घरी जाऊ लागल्या. अभिमान मलाही आहे. पण मूळ प्रयोगात बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. आरोग्यदूत त्याच गावची बाई. बाळाला जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन तीच द्यायची.

आता पुण्यात या. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव धायरीच्या आशाताईंच्या वहीत, मुलगी बार्शीला आईकडे, आणि बाळ जन्मतं तिथल्या खासगी दवाखान्यात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जायचं ते कुणी? सासरच्या आशाताईंना बाळ दिसत नाही आणि माहेरच्या ताईंच्या यादीत ते नाही. तीन महिन्यांनी बाळ-बाळंतीण परत येतात तोवर भेटींचे ४२ दिवस केव्हाच उलटलेले असतात. प्रयोग खोटा नव्हता. त्यानं गृहीत धरलेलं घरच इथं वेगळं आहे.

दुसरं उदाहरण सासूचं. तमिळनाडूत १९८० पासून जागतिक बँकेच्या मदतीनं पोषण कार्यक्रम चालला. मुलांची वजनं घ्यायची, वाढ खुंटलेल्यांना पूरक आहार द्यायचा, आईला समजावून सांगायचं. तीव्र कुपोषण घटलं. पुढं बांगलादेशात याच धर्तीवर कार्यक्रम उभा केला, तर परिणाम फारसा दिसेना. मागाहून कारणं शोधली. तिथं बाजारहाट पुरुष करतात, आणि एकत्र कुटुंबात कुणाच्या ताटात काय पडणार हे सासू ठरवते. शिकवलं आईला, पळी सासूच्या हातात! शिवाय पूरक आहार मिळतोय म्हटल्यावर काही घरांत मुलाचं घरचं जेवण तेवढं कमी झालं. हे वाचून मला हसू आलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू रोज किती, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

उदयपूरच्या खेड्यांतली डाळीची गोष्ट तर आपल्याला कुणी ना कुणी सांगितली असेलच. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के मुलांचं झालं, नियमित लसीकरण शिबिरं भरवली तिथं १८ टक्के. शिबिरासोबत दर लशीमागे किलोभर डाळही दिली तिथं ३९ टक्के. गाजली डाळ. पण एरवी तिथं पूर्ण लसीकरण जेमतेम ६ टक्के होतं, आणि तिथल्या उपकेंद्रांना अनेकदा कुलूपच असायचं. पुण्यात लसीकरणातून सुटलेली मुलं बांधकामाच्या साइटवर आणि वीटभट्टीवर सापडतात, आणि त्यांचे आईबाप दर काही महिन्यांनी जागा बदलतात. तिथं डाळीपेक्षा संध्याकाळी सातला येणारी नर्स जास्त कामाची.

बरं, पुणे तरी एक कुठं आहे? २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये शहरातल्या पाच प्रभागसमूहांत रक्तातली प्रतिपिंडं तपासली. एकूण ५१.५ टक्के लोकांना कोविड होऊन गेलेला. लोहियानगर-कासेवाडीत ६५ टक्के, कसबा-सोमवार पेठेत ३६. दोन्ही जागा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. फरक घरांचा होता आणि सामायिक संडासांचा. ‘घरीच वेगळे राहा’ हा सल्ला एका खोलीत सहा माणसं असतील तर कसा पाळायचा?

म्हणून माझं मागणं छोटं आहे. कुठल्याही नव्या आरोग्य योजनेच्या शासन निर्णयाला मराठीत दोन पानं जोडा. ही कुठं चालली, कुठं फसली, चालली तिथं कोणत्या गोष्टी होत्या, त्यातल्या इथं कोणत्या नाहीत. फसलेल्या प्रयोगांची ओळ गाळू नका. मला तरी सगळ्यात जास्त तिथंच शिकायला मिळालं. ही पानं लिहिणाऱ्या टेबलाशी एका आशाताईंना आणि एका एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सला, खुर्ची द्या, आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडवू नका. मग राज्यभर नेण्याआधी कासेवाडीसारखी एक वस्ती आणि भोरकडचं एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र निवडून वर्षभर बघा. यासाठी नवं कार्यालय नको. राज्याचं आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्र पुण्यातच आहे.

पहिली दोन पानं माहेरी गेलेल्या बाळावर निघाली तर फार बरं होईल. कच्चा मसुदा वाचून द्यायला मी येईन. भत्ता नको, चहा चालेल.

कळावे,
आपली नम्र,
सिंहगड रस्त्यावरची एक निवृत्त शिक्षिका