रेसची तारीख आधी सांगा, बाकीचं आम्ही बघतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत आयटीवाल्यांनी नोकरी सांभाळून फिटनेस कसा ठेवावा यावर लेख होता, रोज पाऊण तास काढा, वेळ पाळा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा वगैरे. ज्यांचं ऑफिस संध्याकाळी बंद होतं त्यांच्यासाठी ठीक आहे. पण आमच्यासारख्यांचं काय, जे ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरवर, काम करतात आणि वर हौसेने रेस पण पळतात? पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा.

मी वडोदऱ्याचा, दांडिया बाजारात राहतो. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एका छोट्याशा भागावर काम करतो. पगार एक कंपनी देते, पण कोड सगळ्यांसाठी उघडा, कोणीही बघावा, कोणीही सुधारावा, आणि कोणीही कधीही मेल टाकून विचारावं की हे असं का केलंय. माझा पॅच (कोडमधला बदल) तपासणारा माणूस जर्मनीत, बग सांगणारा ब्राझीलमध्ये. म्हणजे या ऑफिसला कुलूपच नाही, आपण झोपलो तरी कुठेतरी कोणीतरी जागं असतंच आणि उत्तराची वाट बघत असतं.

आमच्या रनिंग ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी त्या जपानच्या युकी कावाउचीची गोष्ट फॉरवर्ड करतं. सरकारी नोकरी, एका शाळेच्या ऑफिसात फुल टाइम, आणि तरी 2018 ची बॉस्टन मॅरेथॉन थंडी-पावसात 2 तास 15 मिनिटं 58 सेकंदात जिंकला. भारी माणूस आहे, वादच नाही. पण खाली लिहिलेलं असतं "इच्छा असेल तर वेळ मिळतो", तिथे माझं डोकं फिरतं. अहो, शाळेचं ऑफिस त्याच्या मागे घरापर्यंत येत नव्हतं ना. आणि पुढच्याच वर्षी तो नोकरी सोडून प्रोफेशनल झाला, हे त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. त्यापेक्षा मला अॅलन ट्युरिंग जवळचा वाटतो. कॉम्प्युटरच्या शास्त्राचा पाया घालणारा हा गणिती 1947 साली 2 तास 46 मिनिटं 3 सेकंदात मॅरेथॉन पळला होता. त्याला मात्र रात्री साडेदहाचा व्हिडिओ कॉल नव्हता.

आता हा कॉल काय प्रकार आहे ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना हे माहीतच नसतं. युरोप-अमेरिकेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर मागे घेतात, आपण घेत नाही. मग उन्हाळ्यात साडेसातला असणारी युरोपची मीटिंग थंडीत साडेआठला जाते आणि अमेरिकेची साडेनऊची साडेदहाला. आणि गुजरातेत पळायचा सीझन कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी! मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर पारा, तेव्हा सकाळी सातच्या आत घरी यावं लागतं, तेव्हा कॉल लवकर संपतो, आणि रेसच्या महिन्यांत नेमका तासभर उशिरा. एकच बरं आहे की आपण पश्चिमेला असल्यामुळे जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, सात वाजता निघालं तरी गारवा असतो. मी तेव्हाच निघतो. अकोट्याकडे जाणाऱ्या पुलावर, त्या सोलर पॅनलच्या खालून, परत येणारे ग्रुपवाले भेटतात आणि हसतात, शेजारचे गुजराती काका "केम भाई, आजे रजा?" विचारतात. विचारू देत. झोप मोडून पाच वाजता पळणं म्हणजे शिस्त, असं जे आपल्याकडे झालंय ते मला पटत नाही, रात्री साडेअकराला लॅपटॉप बंद करणाऱ्याने पाचला उठू नये, बस.

तर मुद्दा असा, की "रोज दोन्ही थोडं थोडं" हा सल्ला आमच्या कामाला लागूच होत नाही. पाळीपाळीने करावं लागतं.

कर्नलचं वेळापत्रक जगजाहीर आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवीन व्हर्जन येतं. व्हर्जन आलं की दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे नवीन माल तेवढ्यातच आत घेतात, मग दर रविवारी एक कच्ची आवृत्ती, आरसी 1, आरसी 2 असं साधारण सातपर्यंत, कधी आठ. आमच्या भागात होतं काय, की शेवटच्या आरसींच्या दिवसांत मरणाचं काम असतं कारण पुढच्या विंडोसाठी सगळं आधी तयार लागतं, आणि विंडो उघडली की ओझं वरच्या मेंटेनर (कोड सांभाळणाऱ्या) लोकांवर आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सवर जातं, नवीन पॅच कोणी बघत नाही, मग आम्हा खालच्यांना पंधरा दिवस जरा श्वास. माझे लांब रन मी तिथे टाकतो. आरसी 5 च्या पुढे फक्त कमाटीबागेत हलकं जॉगिंग, पाय विसरू नयेत एवढ्यापुरतं, घड्याळही लावत नाही. हाफ मॅरेथॉनची तयारी बारा आठवड्यांत होते, ती या चक्रात कशीबशी बसते. फुलला सोळा-अठरा आठवडे लागतात, तेवढ्यात जवळजवळ दोन रिलीज होऊन जातात, म्हणून मी 42.195 किलोमीटरच्या नादाला लागत नाही. लोक विचारतात फुल कधी, जसं काही हाफ पळणं म्हणजे बालवर्ग.

वर नवरात्र आहेच. वडोदऱ्यात राहून नऊ रात्री गरबा न खेळणं शक्य नाही, आणि खेळून सकाळी पळणंही शक्य नाही. त्याला मी क्रॉस ट्रेनिंग (पळण्याच्या जोडीचा दुसरा व्यायाम) म्हणतो आणि गप्प बसतो.

पळणाऱ्यांकडे एक गोष्ट मात्र खूप चांगली आहे जी ओपन सोर्सवाल्यांनी घ्यायला हवी. रेसच्या आधी दोन-तीन आठवडे पळणं कमी करायचं हे प्लॅनमध्येच लिहिलेलं असतं, त्याबद्दल कोणी आळशी म्हणत नाही. उलट या टेपरमध्ये जास्त पळालास तर ग्रुपवर शिव्या बसतात. आमच्या कामात विश्रांती कुठेच लिहिलेली नाही. त्याचं काय होतं ते 2024 साली दिसलं. एक्सझेड नावाचं फाइल लहान करायचं सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या सर्व्हरवर असतं. ते सांभाळणारा मुळात एकच माणूस, लासे कॉलिन, बिनपैशाचं, छंद म्हणून. 2022 मध्ये त्याने उघड लिहिलं होतं की बऱ्याच काळापासून मानसिक तब्येत ठीक नाही, फार लक्ष देता येत नाही. तरी काही लोक मागेच लागले, इतका हळू का, दुसऱ्याला का देत नाहीस. मग मदतीला आलेला "जिया टॅन" हळूहळू विश्वास कमावून आत शिरला आणि 5.6.0, 5.6.1 या व्हर्जनमध्ये मागचं दार ठेवून दिलं. पकडलं कसं तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून! 29 मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, ते बाहेर आलं.

यावर "जोडीला माणूस घ्या" एवढं सांगणं सोपं आहे, पण तो जोडीदारच तर चोर निघाला ना. तरीही दुसरा माणूस लागतोच, दुसरा इलाज नाही, फक्त तो आपण थकून पडायच्या आधी, शांतपणे, पारखून घ्यायला हवा. 2018 मध्ये लिनस स्वतः सुट्टीवर गेला होता, आपलं वागणं सुधारायचंय म्हणून, तेव्हा कर्नलच्या 4.19 ची रिलीज दुसरा मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमनने काढली. जग बुडालं नाही. मी आता रेसच्या आधी आठवडाभर मेलखालच्या सहीमध्ये सरळ लिहितो की अमुक तारखेपर्यंत रिव्ह्यू करणार नाही, तोवर अमुक बघेल. पहिल्यांदा मॅनेजर जरा चमकला, नंतर तोच आपल्या ट्रेकिंगसाठी असं लिहायला लागला.

उलट दिशेने मात्र काही घेऊ नये, आणि नेमकं तेच घेतलं जातंय. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) पूर्वी सलग किती दिवस कोड टाकला याचा आकडा दिसायचा, 2016 मध्ये त्यांनी तो काढून टाकला. आता पोरं तोच आकडा पळण्याच्या अॅपवर मिरवतात, ताप आला तरी एक किलोमीटर चालून येतात, आकडा तुटू नये म्हणून. टी-शर्टचं तसंच. ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्सचा उत्सव असतो, ठरावीक पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या अशी विनंती) केल्या की टी-शर्ट मिळायचा, तर 2020 साली एवढ्या फालतू रिक्वेस्टचा पूर आला, कोणी नुसता एक शब्द बदलतोय, की मेंटेनर लोक वैतागले आणि आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावे लागले. आपल्या पाच किलोमीटरच्या फन रनला टी-शर्ट घेऊन पहिल्या चौकातून सेव उसळ खायला वळणारे बघितले की मला ते आठवतं. (सेव उसळीवर राग नाही, मीही खातो, पण फिनिश लाइननंतर.)

आता खरं गाऱ्हाणं. हे सगळं पाळीपाळीने बसवायचं तर दोन्हीकडच्या तारखा आधी कळायला हव्यात. सॉफ्टवेअरवाले या बाबतीत पक्के आहेत. उबुंटू ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम 2004 पासून एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, व्हर्जनचा नंबरच वर्ष आणि महिना असतो, 2006 मध्ये एकदा एप्रिलचं जूनवर गेलं तर नंबर 6.06 झाला, सगळ्यांना दिसला. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, हे पाठ आहे, उत्तरायणाचा मांजा रस्त्यावरून निघेपर्यंत तिची बॅग भरायची हेही ठरलेलं. पण आसपासच्या छोट्या रेस! तारीख महिनाभर आधी जाहीर होते, पैसे भरून झाले की पंधरा दिवसांवर ढकलतात, कारण कोणी पाहुणे येणार असतात किंवा त्याच दिवशी दुसरा कार्यक्रम निघतो, आणि पैसे परत मागितले तर "पुढच्या वर्षी अॅडजस्ट करू". मी आरसी 6 च्या आठवड्यात रेस पळू शकत नाही हो. नुसतं माझंच नाही, नाइट शिफ्टची नर्स, मार्चएंडचा सीए, बारावीची मुलं असलेले आईबाप, सगळ्यांचं हेच आहे. हौशी पळणारा म्हणजे रिकामटेकडा नव्हे.

तर विनंती दोन. तुमच्या क्रीडा पानावर सप्टेंबरमध्येच गुजरात-महाराष्ट्रातल्या थंडीच्या रेसचं वेळापत्रक छापा, आणि जी रेस नंतर हलेल तिची जुनी तारीख खोडून शेजारीच नवीन छापा, म्हणजे लोकांना दिसेल कोण पाळतं आणि कोण नाही. आणि आयोजक हे वाचत असतील तर बिब (छातीवर लावायचा नंबर) वाटप शुक्रवारी दुपारी अकरा ते चार ठेवू नका, संध्याकाळी नऊपर्यंत एक खिडकी उघडी ठेवा, थंडीत आमचा कॉल तेव्हा सुरू असला तरी मधून निघून येऊ.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा