अकरावीच्या गणिताला आठवीचं पुस्तक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आपण छापता आणि आम्ही ती अभिमानाने वाचतो. त्याच मुलांचं पुढे अकरावीच्या गणितात काय होतं, ते मात्र घराबाहेर येत नाही. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी दहावी झाली. सायन्स घेऊन दापोलीला जाऊ लागली आणि पहिल्याच चाचणीत गणितात नापास झाली. क्लासची फी आम्हाला झेपणारी नव्हती, आणि क्लास सुटेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. एका रात्री तिची वही घेऊन बसले. लिमिटचं गणित होतं. वर एक्सचा वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा, खाली एक्स वजा दोन, आणि एक्स दोनकडे जातोय. लिमिट म्हणजे काय, हे तिने मला छान समजावलं. पण पुढच्याच ओळीत वरच्या आणि खालच्या एक्सवर चुकीची काट मारली होती. वर्गात सर ‘फॅक्टराइज करा’ म्हणाले होते, हिला शब्द ठाऊक होता ‘अवयव’. तो सांगितल्यावरही मधलं पद फोडता येईना.

बालभारतीच्या संकेतस्थळावर आठवीचं गणिताचं पुस्तक फुकट मिळतं. ते मोबाइलवर उतरवून घेतलं. “अकरावीत जाऊन आठवीचं पुस्तक?” म्हणताना तिचे डोळे भरून आले. तीन संध्याकाळी पडवीत बसून तिने अवयवांचा धडा संपवला. चौथ्या दिवशी तेच गणित स्वतः सोडवलं. उत्तर उणे एक.

त्यानंतर मी शोधतच गेले. खान अकॅडमी या संकेतस्थळावर अंक मोजण्यापासून कॅल्क्युलसपर्यंत सगळं विनामूल्य आहे. गणित अडलं की एकेक पायरी उलगडून दाखवतात, आणि मूल मागच्या इयत्तेत गेलं तरी शेजारी बसून कोणी हसत नाही. आमच्या मुलांना याचीच जास्त गरज आहे. शाळेच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर नेतात, पण ते स्कॅन करून पाहणारी मुलं मला फार दिसली नाहीत. आलेख हाताने सरकवून बघायला जिओजेब्रा हे अ‍ॅप आहे. कॉलेजच्या मुलांसाठी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची कॅल्क्युलसची तीन खंडांची पुस्तकं मोफत आहेत. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने 2003 मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएल या संकेतस्थळावर प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरची व्याख्यानं आहेत. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून पुस्तकांच्या पीडीएफ मेमध्येच उतरवून ठेवाव्यात, व्हिडिओच्या भरवशावर राहू नये.

आमच्या शेजारच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. त्यांना शिकायला समुद्रापार जावं लागलं. आज तिथल्या तोडीचं शिक्षण मुर्डीतल्या मोबाइलवर येतं, पण यातलं कुठलं कधी उघडायचं, हे सांगणारं माणूस गावात नाही. आणि बरंचसं इंग्रजीत आहे. दहावीपर्यंत छेद, अवयव, वर्गमूळ म्हणणारं मूल जूनमध्ये एकदम डिनॉमिनेटर, फॅक्टर, स्क्वेअर रूट ऐकतं आणि आपल्याला गणितच येत नाही असं समजून बसतं. कितीतरी हुशार मुली याच कारणाने सायन्स सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावोगावच्या वाचनालयांनी संध्याकाळी दोन तास एक संगणक मुलांसाठी मोकळा ठेवावा आणि ही पुस्तकं त्यात भरून ठेवावीत. शाळांनी दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत मुलांना गणिताचे इंग्रजी शब्द शिकवावेत. आपल्याला विनंती अशी, की रविवारच्या अंकात चार बोटं जागा द्यावी. एका आठवड्याला एक धडा घ्यावा, तो मोफत कुठे शिकता येईल आणि त्यातले शब्द मराठी-इंग्रजीत काय, एवढंच छापावं. माझ्या मुलीने असे पहिले वीस शब्द वहीच्या पानावर लिहून काढले आहेत. ते पान या पत्रासोबत पाठवत आहे.

आपली,
एक पालक
आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी