संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याच्या एस्टिमेटबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: क्लच बदलल्यानंतर सुरू झालेल्या आवाजाचे तपासणीविना केलेले निदान

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या दोन आसनी, मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या स्पोर्ट्स कारचा क्लच पुण्यातील आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने बदलला. गाडी ताब्यात आल्यापासून क्लच पूर्ण दाबला की घरघर येते, आणि सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर कर्र करून पडतो. क्लच बदलण्यापूर्वी यांपैकी काहीही नव्हते. तक्रार केल्यावर सर्व्हिस ॲडव्हायझरने एक फेरी मारली आणि जॉब कार्डवर 'गिअरबॉक्सचा आवाज, असेंब्ली बदलणे' एवढे लिहून एस्टिमेट हातात दिले. कोणती चाचणी केली, आवाज कोणत्या गिअरमध्ये आला, क्लचचे पॅडल वर होते की खाली, याची एकही नोंद त्यावर नाही. हे निदान आम्हाला मान्य नाही. आमच्या मते दोष गिअरबॉक्सचा नसून पायलट बेअरिंग या लहान बेअरिंगचा आहे. का, ते सविस्तर लिहीत आहोत.

इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि पॅडल वर असते तेव्हा इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये ताकद आणणारा दांडा) व लेशाफ्ट (त्याच्याकडून ताकद घेऊन बाकीचे गिअर फिरवणारा समांतर दांडा) दोन्ही फिरत असतात. इनपुट शाफ्टचे किंवा लेशाफ्टचे बेअरिंग गेले असेल तर घरघर अशा वेळी ऐकू यायला हवी, आणि पॅडल दाबून शाफ्ट थांबला की ती बंद व्हायला हवी. या गाडीत नेमके उलटे होते. पॅडल वर असताना फक्त आयडलिंगची बारीक खडखड असते. ती हलक्या फ्लायव्हीलमुळे (इंजिनच्या टोकाला बसणाऱ्या चाकामुळे) येते. फ्लायव्हीलचे वजन कमी म्हणजे इंजिनच्या प्रत्येक स्फोटाचा झटका कमी शोषला जातो आणि मोकळे गिअर एकमेकांवर टकटकतात. शिवाय अशा गाडीत आवाज अडवणारे आवरण जवळजवळ नसते आणि गिअरबॉक्स दोन सीटांच्या मध्येच असतो. त्या खडखडीबद्दल आमची तक्रार नाही, आणि ती कुणी दोष म्हणून दाखवूही नये.

आता पॅडल दाबल्यावर काय होते ते पाहा. पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग खराब असते तर पॅडल पहिले दोन-तीन सेंटिमीटर जाताच, म्हणजे बेअरिंगवर प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांचा भार येताच, आवाज सुरू झाला असता किंवा बदलला असता. इथे वरच्या अर्ध्या भागात काहीच ऐकू येत नाही. क्लच पूर्ण सुटतो त्या बिंदूच्या खाली घरघर सुरू होते. ब्रेक दाबून पहिला गिअर टाकला आणि पॅडल तसेच धरले की आवाज वाढतो, कारण तेव्हा इनपुट शाफ्ट पूर्ण थांबलेला असतो आणि क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य दांडा) त्याच्या टोकाभोवती फिरत असतो. त्या टोकाला आधार देणारे, फ्लायव्हीलच्या मध्यभागी बसणारे पायलट बेअरिंग नेमके याच वेळी काम करते. पॅडल सोडल्यावर शाफ्ट आणि क्रँक एकाच वेगाने फिरतात, म्हणून बेअरिंगच्या आत काही फिरत नाही आणि आवाज थांबतो.

दुसऱ्या गिअरची कर्रकर्रही याच कारणाकडे बोट दाखवते. कोरडे पडून आवळलेले पायलट बेअरिंग क्लच सुटल्यावरही इनपुट शाफ्टला आपल्यासोबत ओढत राहते, आणि मग तो वेग जुळवायचा जास्तीचा भार सिंक्रो रिंगवर (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कडीवर) येतो. खातरजमा सोपी आहे. या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नाही. आयडलिंगला क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. शाफ्ट थांबला असेल तर गिअर शांतपणे बसतो. या गाडीत पाच सेकंदांनंतरही दात घासतात, म्हणजे शाफ्ट अजून ओढला जातो आहे. पॅडल दोन-तीनदा मारून पाहिले तरी फरक पडत नाही, म्हणून क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा असण्याची किंवा त्या लाइनच्या टोकाला क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे सील गळण्याची शक्यता मागे पडते.

चालत्या गाडीतही गिअरबॉक्स निर्दोष वाटतो. चौथा गिअर थेट आहे, त्यात ताकद लेशाफ्टवरून जात नाही. लेशाफ्टचे बेअरिंग गेले असते तर तिसऱ्यात आणि पाचव्यात येणारी गुणगुण चौथ्यात कमी झाली असती. कात्रज बायपासवर तिन्ही गिअर सारखेच शांत आहेत. रस्त्याच्या वेगासोबत चढणारा आवाजही नाही, त्यामुळे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) आणि व्हील बेअरिंगचा प्रश्न येत नाही.

आता बिलाकडे या. आपल्याच सेंटरच्या बिलात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि गिअर ऑइल एवढ्याच वस्तू आहेत. रिलीज बेअरिंग नाही, पायलट बेअरिंग नाही. गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर ही दोन बेअरिंगे न बदलणे हे कामच अर्धवट आहे, कारण त्यांच्या किमतीपेक्षा गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी कितीतरी जास्त असते. गिअर ऑइलपुढे ग्रेडही लिहिलेला नाही. मॅन्युअलमध्ये 75डब्ल्यू-90 (दाटपणाचा ग्रेड), जीएल-4 (गुणवत्तेचा वर्ग) सांगितले असताना जीएल-5 भरले गेले असेल तर त्यातील जास्तीचे गंधक-फॉस्फरस पितळी सिंक्रो रिंगला मारक ठरू शकते, आणि निसरडेपणामुळे रिंगची पकडही कमी होते. कोणते ऑइल भरले ते आम्हाला लेखी हवे.

गिअरबॉक्स बसवतानाच्या दोन गोष्टीही तपासाव्यात. इंजिन आणि बेल हाउसिंग (क्लचभोवतीचे गिअरबॉक्सचे आवरण) यांच्यामधले दोन्ही डॉवेल (जागा नेमकी जुळवणाऱ्या पिना) जागेवर आहेत का? एक जरी राहिला तर शाफ्ट तिरका बसतो आणि नवे पायलट बेअरिंगसुद्धा थोड्याच दिवसांत खराब होते. दुसरे, बोल्ट लागण्यापूर्वी गिअरबॉक्सचे वजन इनपुट शाफ्टवर लटकू दिले असेल तर नव्या क्लच प्लेटचा हब (मधला भाग) वाकलेला असण्याची शक्यता आहे.

म्हणून आमची मागणी अशी. कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्यासमोर, आमच्या उपस्थितीत वरील चाचण्या कराव्यात आणि निकाल जॉब कार्डवर लिहावेत. त्यानंतर गिअरबॉक्स विनामूल्य उतरवून दोन्ही बेअरिंगे बदलावीत, डॉवेल व प्लेटचा हब पाहावा, फ्लायव्हीलचा रनआउट (फिरतानाची डगमग) डायल गेजने मोजून आकडा मॅन्युअलच्या मर्यादेशेजारी लिहावा. ऑइल काढण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री करावी आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाचा फोटो द्यावा. त्यावर राखाडी बारीक लेप असणे स्वाभाविक आहे. पोलादी तुकडे किंवा ऑइलमध्ये पितळी चकाकी दिसली तरच गिअरबॉक्स उघडण्याचा विषय काढावा. गिअरबॉक्स खाली असताना इनपुट शाफ्ट हलवून 'प्ले (ढिलेपणा) आहे' असे सांगितले जाते. टोकाला थोडी हालचाल असणे हा दोष नाही, कारण त्या टोकाला आधारच पायलट बेअरिंगचा असतो. फिरवताना खरखर लागते का, ते पाहावे. पायलट बेअरिंगमुळे शाफ्टच्या टोकावर चरे पडले असतील तर तो खर्चही सर्व्हिस सेंटरने सोसावा. काढलेले सर्व जुने भाग आमच्या ताब्यात द्यावेत.

यात दिरंगाई नको. सिंहगड रस्ता आणि चांदणी चौकाच्या गर्दीत पॅडल सतत खाली जाते, आणि प्रत्येक वेळी ते बेअरिंग शाफ्टला घासते. सध्या सिग्नलला न्यूट्रल करून पॅडल सोडून थांबतो, पण गर्दीत सरकताना तो उपाय चालत नाही.

आठ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवू, आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. तोपर्यंत एस्टिमेटला आमची मंजुरी नाही, आणि आमच्या लेखी संमतीशिवाय गिअरबॉक्सचा एकही बोल्ट सोडू नये.

सोबत: क्लच बदलल्याचे बिल, जॉब कार्ड व एस्टिमेटची प्रत, पॅडल वर व खाली असतानाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण.

आपले,
(सही)
गाडीमालक, कोथरूड, पुणे