न्यूटन खोटा पडलेला नाही

संपादक, सप्रेम नमस्कार.

माझी भाची अकरावीला आहे, तिला क्लासमध्ये सांगितलं की आइन्स्टाइनने न्यूटनला खोटं पाडलं, ऐकून खरंच वाईट वाटलं. अहो, डेक्कन क्वीन एका लयीत सरळ धावत असली की कपातला चहा सांडत नाही, पण जोरात ब्रेक लागला की कोणी न ढकलता आपण पुढे झुकतो, म्हणजे तेवढा वेळ डब्याच्या हिशेबाने न्यूटनचा पहिला नियम (बल लागलं नाही तर वस्तू स्थिर किंवा एकसमान वेगात सरळ जात राहते) लागूच होत नाही. गती कुठे बसून मोजायची ते हा नियम सांगतो, आणि नेमकं हेच शिकवत नाहीत! एकसमान वेगात सगळीकडे नियम सारखेच, हे गॅलिलिओने १६३२ मध्येच लिहिलेलं, आइन्स्टाइनने १९०५ ला सापेक्षता सिद्धांतात तेच धरून ठेवलं आणि प्रकाशाचा वेगही सगळ्यांना सारखाच दिसतो हे जोडलं. बल म्हणजे संवेग (न्यूटनच्या हिशेबाने वस्तुमान गुणिले वेग) बदलण्याचा दर, हे न्यूटनचं म्हणणंसुद्धा टिकलं, फक्त संवेगाचं सूत्र बदललं. सापेक्षतेनुसार धावत्या घड्याळाची वेळ थोडी बदलते, पण ताशी १०० किमीला हा फरक सेकंदामागे दशांश चिन्हानंतर १४ शून्यं सोडून सुरू होतो! जीपीएस उपग्रहांची घड्याळं मात्र दुरुस्ती केली नाही तर जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातील, त्यात गुरुत्वाकर्षणाचाही वाटा आहे, तिथे सापेक्षतेशिवाय चालत नाही.

क्लासवाल्यांनी मुलांना एवढं तरी नीट सांगावं ही कळकळीची विनंती.

एक वाचक, कोथरूड, पुणे